विहिरीची धाव आणि तुराट्यांच्या दोन रांगा

आत्याच्या रानातला हरभरा निघाला की तिचा फोन येतो आणि ती एवढेच म्हणते, "रान मोकळं झालंय, ये तुझं यंत्र घेऊन." कोरेगाव तालुक्यात, वसना नदीच्या अलीकडे तिचे गाव आहे. विहिरीला लागून असलेला पाऊण एकराचा तुकडा खरिपात वाघ्या घेवड्याला आणि रब्बीत हरभऱ्याला असतो. हरभरा काढल्यापासून पुढच्या नांगरटीपर्यंतचे दोन-तीन आठवडे हाच माझ्या छंदाचा हंगाम, कारण उभ्या पिकात मेटल डिटेक्टर फिरवता येत नाही आणि नांगरट झाली की ढेकळांवरून त्याची तबकडी जमिनीलगत सरळ फिरत नाही. यंदा मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी मी गेलो.

साताऱ्याहून साडेपाचला निघालो आणि संगम माहुलीचा पूल ओलांडला तेव्हा अजून उजाडायचे होते. गाडीत सामान फारसे नव्हते: यंत्र, हेडफोन, वस्तूची नेमकी जागा दाखवणारा, हातात मावणारा पिनपॉइंटर, एक खुरपे, हातभर लांबीची पहार आणि दोन पिशव्या. या दोन पिशव्यांपैकी मोठी कचऱ्यासाठी असते आणि दिवसाअखेर भरते ती तीच, हे आधीच सांगितलेले बरे. माझ्या सौभाग्यवती या छंदाला "पगार न घेता केलेली रानाची झाडलोट" म्हणतात आणि त्यावर मला आजवर उत्तर सापडलेले नाही.

यंत्राचे काम समजायला अवघड नाही. दांड्याच्या टोकाला असलेल्या तबकडीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्यामुळे खालच्या जमिनीत सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि त्या क्षेत्रात एखादा धातूचा तुकडा आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतात. या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. ते मूळ क्षेत्राच्या मागे किती रेंगाळते, त्यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते, कानात सूर काढते आणि पडद्यावर एक आकडा दाखवते. माझ्या यंत्रावर लोखंडाचे आकडे तळाला येतात, पातळ ॲल्युमिनियमचे त्याच्या वर, आणि तांब्याचे व चांदीचे सर्वांत वर. मात्र हा अंदाजच असतो. सोन्याची नाजूक अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटावरचा चंदेरी कागद यांचा आकडा पुष्कळदा एकच येतो, म्हणून आकड्यावर विसंबणाऱ्याने सोन्याची आशा सोडावी आणि सोन्याची आशा धरणाऱ्याने प्रत्येक कागद उकरावा, अशी गत असते.

आमच्याकडच्या मातीचा आणखी एक पेच आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही काळी माती झाली आणि त्या पाषाणातले मॅग्नेटाइटचे कणही तिच्यात उतरले. हे खनिज चुंबकीय असल्यामुळे खाली धातू नसतानाही यंत्र कुरकुरत राहते. त्यासाठी सुरुवातीलाच धातू नसलेली जागा पाहून तबकडी पाच-सहा वेळा जमिनीपासून हातभर वर उचलायची आणि खाली न्यायची, म्हणजे यंत्र त्या मातीचा गुण ओळखून तेवढा आवाज वजा करते. तरीही उन्हाळ्यात पडलेल्या भेगांवरून जाताना ते फसते, कारण सगळीकडे माती आणि मध्येच पोकळी हा फरकसुद्धा त्याला वस्तूसारखा भासतो. या भेगांनीच दुसरीही एक गंमत करून ठेवली आहे. काळी माती उन्हात फाटते, पावसात फुगते, आणि वर पडलेली वस्तू भेगेतून एका उन्हाळ्यात हातभर खाली जाऊ शकते; उलट खालची वस्तू ट्रॅक्टरच्या नांगराने एका दिवसात वर येते. त्यामुळे वस्तू जितकी खोल तितकी जुनी, हा हिशेब काळ्या रानात चालत नाही. मागच्या वर्षी दीड वीत खोलीवरून मी शीतपेयाच्या बाटलीचे अगदी अलीकडचे बूच काढले होते.

सकाळी सातला काम सुरू केले ते नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे लोखंडाचा आवाज बंद करून. ही सोय जवळपास सगळ्या यंत्रांत असते आणि बहुतेक छांदिष्ट ती वापरतात, कारण शेतात लोखंड इतके असते की सगळेच ऐकू लागलो तर डोके उठते. बांधाच्या कडेने एक-एक पावलाचे पट्टे धरून मी तबकडी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरवत राहिलो. पहिल्या दोन तासांत कीटकनाशकाच्या बाटल्यांची सात सीले, गुटख्याच्या पुड्यांचे चकाकते तुकडे, तीन बुचे, वायरीचा एक तुकडा आणि ॲल्युमिनियमचा सहाकोनी तीन पैसा एवढा ऐवज मिळाला. तीन पैशांचे हे नाणे १९६४ पासून निघू लागले. आत्याला दाखवताच तिला तीन पैशांत काय काय येत असे ते आठवले, आणि ती यादी चहा निवेपर्यंत संपली नाही.

खणण्याबद्दल मात्र मी काटेकोर आहे. खुरप्याने तीन बाजूंनी कापून मातीचा तुकडा झाकणासारखा उलटा करायचा, पिनपॉइंटरने वस्तू कोणत्या बाजूला आहे ते पाहायचे, ती काढली की माती पुन्हा भरून पायाने दाबायची. पाऊण एकरात शंभर खड्डे उघडे ठेवून जाणाऱ्या भाच्याला कोणती आत्या दुसऱ्यांदा बोलावील?

दहाच्या सुमारास यंत्र एकाएकी वेड्यासारखे बोलू लागले. तबकडी स्थिर धरली तरी कानात टकटक आणि पडद्यावर आकड्यांचा नाच. क्षणभर वाटले, यंत्र बिघडले. मग विहिरीवरून मोटरचा घुमा आवाज आला आणि उलगडा झाला: शेतीची थ्री फेज लाइट आली होती. मोटरच्या आणि डोक्यावरून गेलेल्या तारांच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातली लुडबुड यंत्राचे ग्राहक वेटोळे इमानाने टिपत होते. संवेदनक्षमता बरीच खाली आणावी लागली, म्हणजे तेवढी खोलीही गमावली. आत्येभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, त्याला पाणी पाजणे भाग होते आणि मोटर बंद कर असे सांगण्याचा मला अधिकार नव्हता.

त्या गोंधळातच दिवसातले सर्वांत स्वच्छ नाणे मिळाले. बांधावरच्या आंब्याखाली, जेमतेम चार बोटे खोलीवर, वरच्या पट्टीतला गोड आणि दोन्ही बाजूंनी सारखा येणारा सूर लागला. माती उलटली तेव्हा तिच्यात एक हिरवट वर्तुळ दिसले आणि त्याच्या मधोमध मातीने भरलेले भोक. भोकाचा पैसा! तुराटीच्या टोकाने भोकातली माती काढली, थेंबभर पाण्याने अंगठा ओला करून कडेवरून फिरवला, आणि मुकुटाखाली १९४४ हे साल हळूहळू उमटले. दुसऱ्या बाजूला पानांची वेल होती. महायुद्धाच्या काळात धातूची चणचण असताना, १९४३ पासून, हा पैसा पाडला गेला. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे असे चौसष्ट पैसे मिळून रुपया होत असे. एवढ्याशा हलक्या नाण्याचा सूर इतका खणखणीत का लागतो, याचे कारण त्याच्या भोकातच आहे: आकार अखंड कड्याचा असल्यामुळे भोवऱ्याच्या प्रवाहांना फिरायला सलग वाट मिळते. तेच कडे एका जागी तुटलेले असेल तर आवाज बराच मंदावतो. नाणे सापडण्याची जागाही पटण्यासारखी होती. माणसे जिथे चालतात तिथल्यापेक्षा जिथे बसतात तिथे वस्तू जास्त हरवतात. कनवटीला लावलेला पैसा उकिडवे बसताना निसटतो आणि भाकरी सोडून उठताना कोणी मागे वळून पाहत नाही.

एव्हाना बांधावर दोन-तीन माणसे जमली होती. दरवर्षी जमतात. त्यातल्या एकाने चेष्टेच्या सुरात, पण डोळे माझ्या पिशवीवर ठेवून विचारले, "काय पाहुणं, हंडा घावला का न्हाई?" या प्रश्नाला मी हसत नाही. गुप्तधनाच्या नादाने आपल्याकडे बुवाबाजीपासून नरबळीपर्यंत सगळे घडलेले आहे. साताऱ्याचेच डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडले आणि जो त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झाला, त्या कायद्यात गुप्तधन शोधण्याच्या नावाने केलेल्या अघोरी कृत्यांचाही समावेश आहे. म्हणून मी खाली बसलो, हेडफोन त्या गृहस्थांच्या कानाला लावले, मोठी पिशवी जमिनीवर पालथी केली आणि सात सीले मोजून दाखवली. त्यांची निराशा प्रामाणिक होती.

दुसरा प्रश्न होता, खरेच काही सापडले तर काय? याचे उत्तर मला पाठ आहे, कारण यंत्र घेण्याआधी मी ते वाचून ठेवले होते. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. चौकशीअंती ती बेवारस ठरली आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसला, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि मालकाला एक हिस्सा अशी वाटणी त्यात सांगितली आहे. लपवणाऱ्याला शिक्षा आहे. शिवाय पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांचे नाणे पुरावस्तू ठरते आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय खणणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे गड, लेणी, जुनी देवळे, घाट यांच्या वाऱ्यालाही मी यंत्र घेऊन उभा राहत नाही. समाजमाध्यमांवर गडाच्या पायथ्याशी शिवराया, म्हणजे शिवरायांची तांब्याची नाणी, उकरून मिरवणारे लोक पाहिले की मला या छंदाचीच लाज वाटते. नाणे कोणत्या थरात, कशाशेजारी होते हे एकदा मोडले की ते पुन्हा जुळवता येत नाही. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असलेली शिवराई मला कधी सापडलीच, तर तिचा रस्ता जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. अद्याप सापडलेली नाही.

दुपारी जेवताना जुना वाद निघाला. आत्याची विहीर एके काळी मोटेची होती, म्हणजे बैलांनी ओढलेल्या चामड्याच्या मोटेने तिचे पाणी वर काढत. १९७२ च्या दुष्काळानंतर ती आणखी खोल केली, मोटर बसली, आणि मोटेच्या बैलांना खाली-वर करण्यासाठी असलेली उतरती वाट, म्हणजे धाव, मुरूम टाकून सपाट केली. मोटेचे पाणी जिथे पडायचे त्या थारोळ्याचे दगड घराच्या ओट्याला लागले. आता विहिरीच्या काठावर धावेची खूण म्हणून काहीही नाही. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटांच्या विहिरीवर मोटांच्या जागा तिला बांधून तीनशे वर्षे झाली तरी दगडात शाबूत आहेत. आमच्यासारख्या साध्या विहिरीची आठवण पन्नास वर्षांत पुसली. आत्या लग्न होऊन आली ती मोटर बसल्यानंतर. सासूने सांगितल्याप्रमाणे ती म्हणते की धाव आंब्याच्या बाजूला होती. दादाने चुलत्यांकडून ऐकले ते ओढ्याच्या बाजूला, आणि त्या बाजूचा एक पट्टा दरवर्षी पिकात मागे राहतो हा त्याचा पुरावा. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, असते तर एका वाक्यात निकाल लागला असता, पण मामांना जाऊन नऊ वर्षे झाली.

भाकरीचा तुकडा हातात असतानाच माझ्या लक्षात आले की सकाळभर मी एक मूर्खपणा केला होता. धाव म्हणजे बैलांची वाट. एका दिवसात ती जोडी शेकडो वेळा उतरून जायची आणि मागच्या पावली वर यायची. बैलांना नाला मारलेल्या असायच्या, नालांना खिळे असायचे, आणि खिळे झिजून गळायचे. खिळे लोखंडाचे. आणि मी लोखंडाचाच आवाज बंद करून फिरत होतो.

ऊन उतरल्यावर साडेतीनला पुन्हा रानात गेलो. मोटर बंद झाली होती. यंत्राची सगळी गाळणी काढून टाकली आणि दादाने आणून दिलेला तुराट्यांचा भारा बगलेत मारला. ठरवले एवढेच, की खणायचे नाही; विहिरीभोवती पट्टे धरून चालायचे आणि जिथे लोखंडाची ती आखूड, घरघरती कुरकुर येईल तिथे एक तुराटी रोवायची. पहिला अर्धा तास काहीच अर्थ लागेना, कारण तुराट्या सगळीकडेच लागत होत्या. शेतात तार, बिजागरी, कुळवाच्या फासेचा तुकडा, काय वाटेल ते असते. साडेचारच्या पुढे मात्र विहिरीच्या ओढ्याकडच्या अंगाला तुराट्या दाटू लागल्या. तिथे दोन पावलांवर एक, तर बाकीच्या रानात पंधरा-वीस पावलांवर एक. पाठ ताठ करून मागे पाहिले तेव्हा चार-पाच पावले रुंदीचा आणि साधारण वीस पावले लांबीचा एक पट्टा विहिरीच्या काठापासून सरळ निघून ओढ्याच्या रोखाने गेलेला दिसत होता, आणि तो दादाच्या मागे राहणाऱ्या पट्ट्यावर जवळजवळ तंतोतंत बसत होता. पीक का मागे राहते तेही कळले: वर चार बोटे काळी, खाली दाबून बसलेला मुरूम.

खात्रीसाठी पाच जागा खणल्या. तीन ठिकाणी गंजाच्या गोळीत गुंडाळलेले आखूड खिळे निघाले. एक गोळी दगडावर हलकेच आपटली तशी गंजाची साल फुटली आणि आतला खिळा दिसला: करंगळीच्या दीड पेराएवढा, चपटा, डोके एका अंगाने घासून तिरके झालेले. चौथ्या जागी साधी तार होती. पाचव्या जागी बैलाच्या नालेची एक पत्री मिळाली. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून घोड्यासारखी अखंड नाल न बसवता दोन्ही नख्यांना दोन वेगळ्या पत्र्या मारतात. ही त्यातली एक, कोयरीसारख्या आकाराची, एका टोकाला कागदाइतकी पातळ झालेली. आमच्या भाषेत मोटेच्या उताराला धाव म्हणतात आणि गाडीच्या चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्टीलाही धावच म्हणतात. दोन्हींवर बैलांचीच मेहनत खर्ची पडते, त्यामुळे भाषेने ती एका शब्दात घातली असल्यास मला आश्चर्य वाटत नाही.

दादा खूश, आत्या गप्प. पण आंब्याच्या बाजूलाही काही तुराट्या ओळीने उभ्या होत्या आणि त्या मला खुपत होत्या. तिथे दाटी कमी होती, ओळ मध्ये दोनदा तुटलेली होती, आणि तिथला अर्धा भाग ट्रॅक्टरने खोल नांगरलेला असल्यामुळे पुराव्याला फारसे बळ नव्हते. एका विहिरीला दोन धावा? कोणी तसे म्हटले नव्हते. विहीर सामायिक आहे, दोन घरांची, पण एकाच धावेवर पाळीने मोट चालत असावी, असे सगळेच धरून चालले होते.

त्याच वेळी बांधावर अण्णा येऊन उभे राहिले. अण्णा म्हणजे मामांचे चुलतभाऊ, वय चौऱ्याऐंशी, विहिरीतल्या निम्म्या हिश्शाचे धनी. मोटरच्या पाळीवरून दोन्ही घरांत सहा-सात वर्षे बोलणे नव्हते, आणि म्हणूनच हा प्रश्न ज्यांना विचारायचा त्यांनाच कोणी विचारलेला नव्हता. भाऊबंदकीचे असेच असते. हंड्याची वार्ता त्यांच्या घरापर्यंत पोहोचली होती हे उघड होते. त्यांनी आत्याकडे पाहिले नाही, माझ्याकडेही पाहिले नाही, तुराट्यांकडे पाहिले. मग काठी टेकत ओढ्याकडच्या ओळींच्या मधोमध आले आणि काठीने जमिनीवर टकटक केली.

"ही तुमची," ते म्हणाले, आणि काठी आंब्याकडे वळवून, "ती आमची. दोन मोटा हुत्या. नाड्यावर बसून मी उतरत असायचो, बैलं खाली निघाली की. बा शिव्या घालायचा."

मग त्यांनी न विचारता सगळे दाखवले. जाड नाडा वरच्या चाकावरून कसा जायचा आणि बारीक सोंदूर खालून कसा, मोट वर आली की सोंडेतून पाणी थारोळ्यात कसे पडायचे, आणि बैल मागच्या पावली वर येताना त्यांच्या मागच्या पायांवर किती ताण यायचा. स्वतःही दोन पावले मागे सरकले, तेव्हा दादाने पुढे होऊन त्यांचा दंड धरला. आत्या उठून घराकडे गेली आणि चहाचे चार कप घेऊन आली. एक कप तिने काही न बोलता अण्णांच्या पुढे धरला.

चहा पिता पिता अण्णांनी ती झिजलेली पत्री उलटसुलट करून पाहिली, अंगठ्याने तिच्या पातळ टोकाची धार चाचपली आणि परत दिली. भोकाच्या पैशात त्यांना रस नव्हता. हेडफोन मात्र त्यांनी मागून घेतले, कानाला लावून स्वतःच्या काठीच्या लोखंडी टोपणावर यंत्र वाजवून पाहिले, आणि मग खालच्या आवाजात मला विचारले, "पोरा, चांदीचं जोडवं ह्येच्यात घावतं का? सुनंचं पडलंय, उसात. लागणीला."

घावते, मी म्हणालो, पण ऊस तुटून पाचट निघाल्याशिवाय नाही. आणि जोडव्याचा वेढा जुळलेला आहे की तुटका, तेवढे सुनेला विचारून ठेवा. तोड पंधरा दिवसांवर आहे. दादा म्हणाला, त्या दिवशी मोटर बंद ठेवू, दोन्ही घरांची.